खड्डा खणण्याआधी काठ बघा

सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी 40 फुटांच्या पुढं सरकलं की आम्हा विश्रामबागकरांच्या घरी पाहुणे येणार, हे ठरलेलं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. गावभागातले मामा-मावशी, कोल्हापूर रोडचे मित्र, शामरावनगरातली भाचरं असे सगळे कागदपत्रांची पिशवी, औषधांचा डबा आणि एखादं मांजर घेऊन पूर्वेकडं सरकतात. 2005 ला आले, ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आले, जुलै 2021 मध्ये 55 च्या आसपास पोचलं तेव्हा पुन्हा आले. पाणी उतरलं की चिखल उपसायला माघारी जातात. आणि पाहुणे गेले की आम्हा कोरड्यात राहिलेल्यांना आपणही काहीतरी करावं असं वाटायला लागतं. हे ‘काहीतरी’ बहुतेक वेळा झाडं लावणं असतं.

मीही लावली. जून 2021 मध्ये आम्ही आठ-दहा जणांनी शहराच्या वरच्या अंगाला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या नदीकाठच्या मळीला लागून दीडशे रोपं लावली. गुलमोहर, कडुनिंब, बहावा, वड, म्हणजे मिळाली ती. प्रत्येकाला काठी, प्रत्येकाला जाळीचा पिंजरा. फोटो झाले, पोहे झाले. ते शेतकरी, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, बांधावर उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, “सर, या पोरास्नी पवायला शिकवलंय न्हवं?”

सहा आठवड्यांत पूर आला. ओसरल्यावर गेलो तर दीडशेतली सात उभी होती, तीही वरच्या बांधाजवळची. बाकीच्यांच्या पिंजऱ्यांत प्लास्टिक, पाचट आणि जलपर्णी अडकून त्यांची शिडं झाली होती, आणि पाण्यानं ती रोपासकट ओढून नेली होती. त्याच पट्ट्यात एक करंज होतं. कुणी न लावलेलं, गुडघ्याएवढं, खोडापासून पानांपर्यंत गाळानं माखलेलं. शेंड्याला मात्र तांबूस रंगाची दोन कोवळी पानं फुटली होती. बोटानं गाळ पुसला तर खालची सालही हिरवी. आमच्या दीडशे रोपांवर जेवढा खर्च झाला, त्यातला एक रुपयाही या करंजाला लागला नव्हता.

तेव्हापासून मी जे शिकलो, वाचलं आणि आण्णांसारख्यांकडून ऐकलं, ते इथं लिहितोय. कृष्णा, वारणा, येरळा, पंचगंगा यांच्या काठी ज्यांना पुरानंतर झाडी पुन्हा उभी करायची आहे, त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. काठावरची झाडं महापूर अडवत नाहीत. अलमट्टीचा फुगवटा, कोयनेचा विसर्ग, धरणं कधी भरावीत आणि कधी सोडावीत, यावर पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडं चर्चा झाली आहे आणि होत राहील. झाडं तो प्रश्न सोडवत नाहीत. झाडं काठ धरतात, काठालगतच्या पाण्याचा वेग कमी करतात, शेतातली माती नदीत आणि नदीतला कचरा शेतात जाताना थोडा अडवतात. एवढंच, आणि एवढं पुरे आहे.

कांदळवनाचा धडा

हा विषय मला नीट कळला तो नदीकाठी नाही, तर समुद्रकाठच्या कांदळवनांबद्दल वाचताना. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा खाडीकाठच्या तिवर-कांदळाची चर्चा पुन्हा सुरू झाली. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला होता. ज्या गावांपुढं कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथं माणसं कमी दगावली, असं त्यात दिसलं. त्यामुळं वादळ किंवा त्सुनामी येऊन गेली की जगभर लोक कांदळाची रोपं घेऊन चिखलात उतरतात.

आणि बहुतेक वेळा आमच्या दीडशे रोपांसारखंच होतं. श्रीलंकेत 2004 च्या त्सुनामीनंतर कांदळाची प्रचंड लागवड झाली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 23 जागा तपासल्या, त्यातल्या 9 ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं. कारणं साधी होती. रोपं लावायला सोपी म्हणून फार खाली, जिथं भरतीचं पाणी हटतच नाही अशा चिखलात लावली. काही ठिकाणी पाणी पोचतच नव्हतं. उरलेली गुरांनी खाल्ली.

फ्लोरिडातल्या रॉय ‘रॉबिन’ लुइस या शास्त्रज्ञानं याच्या उलट पद्धत लोकांपुढं ठेवली. आधी पाण्याचा मार्ग दुरुस्त करायचा. भराव काढायचा, बुजलेले ओहळ मोकळे करायचे, जमिनीची उंची शेजारच्या जिवंत कांदळवनाएवढी करायची. मग थांबायचं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं खाली पडतं आणि भरतीबरोबर तरंगत योग्य जागी जाऊन उभं राहतं. रोप लावायचं ते फक्त जिथं बी आपणहून येऊ शकत नाही तिथं.

आपल्या महाराष्ट्रात वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष 2012 पासून आहे, त्यामुळं कोकणातल्या मंडळींना हे नवं नाही. कृष्णाकाठी मात्र आपण अजून ‘खड्डा, रोप, पिंजरा, फोटो’ इथंच आहोत. खाडी आणि नदी यांत फरक खूप आहेत, पण तीन प्रश्न तेच आहेत. इथं पाणी कुठून येतं? किती दिवस थांबतं? आणि बी आपणहून येतंय का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कुदळ घरी ठेवा.

ओसरल्यावरचे पहिले दोन महिने

पाणी उतरलं की लगेच काठाच्या कडेला जाऊन उभे राहू नका. काठ कोसळतो तो पूर चढताना कमी, उतरताना जास्त. आठ-दहा दिवस पाण्यात राहून माती पूर्ण भिजलेली असते. नदीतलं पाणी भराभर खाली जातं, पण मातीतलं पाणी तेवढ्या वेगानं निघत नाही. बाहेरचा टेकू गेलेला, आतून वजन वाढलेलं, मग आख्खी दरड उसासकट खाली बसते. काळ्या मातीत आधी कडेला समांतर अशी बारीक भेग दिसते. ती दिसली तर तिच्या अलीकडंच थांबा, आणि पोरांना तर तिकडं फिरकूच देऊ नका.

या काळात करायची कामं आहेत, पण ती हातानं करायची. फांद्यांत अडकलेलं प्लास्टिक, गोणपाट, पाइपांचे तुकडे काढा. ते तसंच राहिलं तर पुढच्या पुरात तिथंच आणखी कचरा अडकतो आणि झाड मुळासकट जातं. खोडाच्या बुंध्याशी वीतभराहून जास्त गाळ बसला असेल तर खुरप्यानं बाजूला करा, कारण बुंध्याला हवा लागली पाहिजे. कललेलं झाड कलतंच राहू दे. अर्धं उपटलेलं असलं तरी त्याची अर्धी मुळं काठात आहेत आणि तीच तिथली शेवटची शिवण आहे. मोडून पडलेल्या झाडाचा बुंधा जेसीबीनं उपटून काढण्याचा मोह टाळा. फांद्या छाटा, बुंधा राहू द्या. उंबर, करंज, वाळुंज यांना बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात.

झाड मेलं की जगलं हे ठरवायची घाई नको. नखानं साल खरवडा. आत हिरवी ओल दिसली तर चैत्राच्या पालवीपर्यंत वाट बघा. 2019 नंतर कितीतरी झाडं ‘वाळली’ म्हणून तोडली गेली असतील, ती फक्त उपाशी होती असा माझा संशय आहे. शिवाय तोडायचीच झाली तर शहरात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, ग्रामीण भागात 1964 चा. परवानगी लागते. पुरात पडलेल्या झाडाच्या नावाखाली शेजारचं उभं झाड नेणारे लोक आपल्याला माहीत आहेत.

आणि याच दोन महिन्यांत वही घेऊन काठावर चाला. काय उगवलंय ते लिहा. गाळावर सगळ्यांत आधी हरळी आणि लव्हाळा येतो. लव्हाळ्याचं नाव निघालं की तुकोबा आठवतात आणि आपण नम्रतेवर बोलू लागतो. पण लव्हाळा वाचतो तो फक्त वाकतो म्हणून नाही, जमिनीखालच्या त्याच्या गाठी शाबूत राहतात म्हणून. वरचं सगळं वाहून गेलं तरी पंधरवड्यात तो पुन्हा हिरवा. ज्या जागी लव्हाळा दाट आला ती जागा सोडून द्या, तिथं काम चालू झालेलं आहे. करंजाची, बाभळीची, उंबराची आपोआप आलेली रोपं दिसली तर प्रत्येकाशेजारी एक रंगवलेली खुंटी ठोका. ही तुमची पहिली लागवड, फुकटातली.

बेशरम आणि वेडी बाभूळ मात्र त्याच गाळात तितक्याच जोमानं येतात. ती कोवळी असतानाच मुळासकट काढा. वर्षभरानं हात लावायची सोय राहत नाही.

वरचं पाणी

आपण पुराच्या पाण्याकडं बघतो आणि काठ तोडणारं दुसरं पाणी विसरतो. ते नदीतून येत नाही, आपल्याच शेतातून येतं. ऊस काठाच्या अगदी कडेपर्यंत, त्याला पाटानं पाणी, आणि जादा झालेलं पाणी सरीच्या टोकाकडून थेट नदीत. एका हंगामात तिथं ओघळ पडतो, दोन-तीन हंगामांत घळ होते, आणि पूर आला की तो त्या घळीतूनच आत शिरतो. मोटारीच्या पाइपलाइनसाठी खणलेला आणि सैल मातीनं बुजवलेला चरही तेच करतो. वीटभट्टीसाठी काठाची माती नेली असेल, पायथ्याची वाळू उपसली असेल, तर बोलायलाच नको. पायथा नसलेल्या काठावर वर कितीही झाडं लावली तरी ती झाडं काठाबरोबर खाली जातील.

मातीत पाणी मुरलं की काय होतं हे हरिपूरकरांना वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं हळद कोरडी ठेवणारी तिथली जमिनीखालची पेवं 2005 च्या पुरात पाणी शिरून बरीचशी निकामी झाली.

म्हणून रोपांच्या आधी हे: सरीची टोकं काठाकडून फिरवून एका बाजूच्या चरीत काढा, आणि ती चर दगड टाकून, उतार कमी ठेवून, एकाच जागी नदीत उतरवा. पाइपलाइनचा चर धुमसानं चोपून भरा. जमलं तर काठालगतच्या पट्ट्याला ठिबकवर घ्या. आणि काठापासून निदान दहा पावलं ऊस मागे घ्या. हे शेवटचं वाक्य मी आण्णांपुढं पहिल्यांदा बोललो तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चहा घ्यायचाही विसरलो. मग म्हणाले, “गेल्या दोन पुरात नदीनं घेतलंय की तेवढं. पावती न्हाई दिली.” पुढच्या लागणीला त्यांनी दोन सऱ्या सोडल्या.

काठ दीड पुरुषाहून उंच आणि सरळ कापल्यासारखा असेल तर त्याच्या कडेवर मोठं झाड लावू नका. झाडाचं वजन आणि वाऱ्याचा हिसका यांनी कडा लवकर जाते. जिथं शक्य आहे तिथं दोन फूट आडवं, एक फूट उभं असा ढाळ द्या. जिथं ते परवडत नाही तिथं कडा तशीच सोडून मागच्या पट्ट्यात झाडं लावा. सगळ्याच कडा मोडायच्याही नाहीत. वेडे राघू आणि खंड्या अशाच उभ्या कडांत बिळं करतात.

तीन रेघा

आता झाडं. काठावर उभं राहून तीन रेघा डोळ्यांनी आखा. पहिली, मे महिन्यात पाणी असतं ती. दुसरी, दर पावसाळ्यात पाणी येऊन जातं ती. ही ओळखायला सोपी असते, तिथं मुळं उघडी पडलेली असतात आणि कचऱ्याची माळ लागलेली असते. तिसरी महापुराची. ती भिंतींवर, विजेच्या खांबांवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असते. (पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा वेगळी. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकामाला त्या बघाव्या लागतात. झाडाला आपल्या तीन रेघा पुरतात.)

पहिल्या रेघेजवळ आपण काही लावायचं नाही. तिथं लव्हाळा, पाणकणीस आणि खडकाळ जागी शेरणी आपणहून येते. पाणकणीस नाल्यांच्या मुखाशी असेल तर ते जपाच. सांगलीतल्या शेरी नाल्याच्या सांडपाण्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना कारण सांगायची गरज नाही.

पहिली आणि दुसरी यांच्या मधला पट्टा सगळ्यांत महत्त्वाचा आणि आपल्याकडं सगळ्यांत दुर्लक्षित. इथं ताठ उभं राहणारं झाड नको, वाकणारं हवं: वाळुंज, निरगुडी, वाळा. पूर आला की ही झुडपं पाण्याखाली आडवी होतात, काठावर चटई अंथरल्यासारखी, आणि पाणी त्यांच्यावरून जातं. दुसऱ्या रेघेच्या वर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. याच पट्ट्यात अधूनमधून बांबूचं बेट चालतं, पण सलग रांग नको, आणि ओढ्याच्या तोंडाशी तर नकोच. पाण्याची वाट अडवायची नाही. 2017 पासून वनाबाहेरचा बांबू कायद्यानं ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळं तोडणी-वाहतुकीची कटकट कमी झाली, हा त्याचा एक फायदा. तिसऱ्या रेघेच्या आसपास चिंच, वड, आंबा, कडुनिंब, जे हवं ते. आमचे वाचलेले सात कडुनिंब तिथलेच होते.

उंबराबद्दल एक निरीक्षण. भिलवडीच्या पलीकडं औदुंबर हे दत्ताचं ठिकाण आहे, गावाचं नावच झाडाचं. तिथून खाली नरसोबावाडीपर्यंत आपल्या भागात उंबराला सहसा कुणी कुऱ्हाड लावत नाही. त्यामुळं काठावर जुनं म्हणून जे झाड सापडतं ते पुष्कळदा उंबरच असतं. त्याची रोपं विकत घेऊ नका. जुन्या विहिरीच्या कड्यात, घाटाच्या सांध्यात ती आलेली असतात. ओल्या दिवसांत अलगद सोडवून पिशवीत लावा, चार महिने सांभाळा.

गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ काठावर नकोत. फुकट मिळाली तरी नकोत.

जून नाही, ऑक्टोबर

माझं सगळ्यांत वादग्रस्त मत हे. दुसऱ्या रेघेच्या खालची लागवड जूनमध्ये करू नका. आपल्या नद्यांचा मोठा पूर जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये येतो. जूनमधलं रोप तोवर पिशवीतल्या मातीबाहेर मूळही काढत नाही. तेच रोप पाणी उतरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, ओल्या गाळात लावलं तर त्याला पुढच्या पुरापर्यंत नऊ-दहा महिने मिळतात. हिवाळाभर त्याला फार पाणी लागत नाही. मार्च ते मे मात्र आठवड्याला दोनदा द्यावं लागतं, आणि इथंच सगळे कार्यक्रम मरतात, कारण मे महिन्यात फोटो काढायला कुणी येत नाही. पाण्याचा माणूस ठरल्याशिवाय रोप आणू नका. वरच्या पट्ट्यात, तिसऱ्या रेघेपाशी, जून चालेल.

वाळुंजाला रोपवाटिका लागत नाही. जिवंत झाडाच्या अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब फांद्या कापा. डोळे वरच्या दिशेला राहतील याची खूण म्हणून खालचं टोक तिरकं कापा. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावा. पहारीनं आधी भोक पाडा, फांदी ठोकत बसू नका, साल सोलते. दोन भाग मातीत, एक भाग वर, किंचित पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेला कललेली. पायानं माती घट्ट दाबा. दीड-दोन फुटांवर एक, ओळी एकमेकींच्या फटीत येतील अशा.

वाळ्याचे ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, पानं वीतभर ठेवून छाटा, आणि काठाला समांतर ओळीत वीतभर अंतरानं लावा. उतारावर साधारण मीटरभर उंचीला एक ओळ. सुरुवातीला ती केविलवाणी दिसते. वर्षा-दोन वर्षांत मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि ओळीची भिंत होते. खणून अत्तराला विकायचा मोह कुणाला होणार नाही एवढं बघा.

करंजाच्या शेंगा पाण्यावर तरंगतात, म्हणूनच तो काठाचा धनी आहे. जांभळाचं बी मात्र नाजूक. फळ खाल्लं की दोन-तीन दिवसांत पिशवीत लावायचं, डब्यात ठेवलं तर मरतं.

जाळीचे पिंजरे कुठंच नकोत. गुरं-शेरडांपासून राखायचं तर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घाला आणि मे महिन्याच्या शेवटी ते उचलून घ्या. बुंध्याशी उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला, तेही पावसाआधी काढा. पाचट पेटवण्याच्या दिवसांत काठालगत पाच-सहा पावलांची पट्टी साफ ठेवा. पुरातून वाचलेली झाडी आगीत गेलेली मी पाहिली आहे.

मगरी आणि सातबारा

भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरींचा वावर आहे. थंडीत त्या उन्हाला काठावर येतात. उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालतात, पिल्लं पावसाच्या तोंडाला बाहेर पडतात. त्यामुळं फेब्रुवारी ते जून या काळात पाण्याजवळच्या सैल मातीत खणकाम नको. पाणी न्यायला एकट्यानं वाकू नका, बादलीला दोर बांधा, सोबत कुणीतरी उभं राहू द्या. घरटं दिसलं तर बोभाटा न करता वन विभागाला 1926 वर कळवा. मगर आहे म्हणून झाडी तोडा, अशी मागणी अधूनमधून होते. झाडी तोडल्यानं मगर जात नाही, फक्त काठ जातो.

जागेचा मालक कोण हे आधी बघा. सातबारा काढा. खाजगी मळी असेल तर शेतकऱ्याची लेखी संमती घ्या. नदीपात्राची सरकारी जागा असेल तर पाटबंधारे आणि तहसील कार्यालय, शहराच्या हद्दीत महापालिका. अर्जाला जागेचा हातानं काढलेला नकाशा जोडा, त्यावर तीन रेघा आणि कुठं काय लावणार ते दाखवा. ‘प्रवाहाला अडथळा होईल का’ हा प्रश्न हमखास येतो. वाकणारी झुडपं खाली, झाडं वर, घाट आणि ओढ्यांची तोंडं मोकळी, हे नकाशात दिसलं की अर्धं काम होतं. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत ऑगस्टमध्येच यादी द्या. ऑक्टोबरात रोपं मागणारा तुमच्याशिवाय कुणी नसेल, त्यामुळं करंज आणि अर्जुन चांगले मिळतात.

मोजणी

किती लावली हा आकडा कुणाला सांगू नका. दोन पावसाळ्यांनंतर किती उरली तो सांगा. काठाच्या कडेपासून पाच मीटर आत लोखंडी गज ठोका, तीस-चाळीस पावलांवर एक. दर दिवाळीला टेप लावून गज ते कडा हे अंतर मोजा आणि वहीत लिहा. एकाच जागी उभं राहून, एकाच झाडाकडं तोंड करून वर्षातून दोनदा फोटो घ्या, मेमध्ये आणि नोव्हेंबरात. आमच्या पट्ट्यात अजून दोन गजांपाशी कडा मागे सरकते आहे. तिथं वरच्या शेतातलं पाणी येतं हे आम्हाला कळलंय, शेजारच्याशी बोलणी चालू आहेत, दिवाळीच्या फराळाचा डबाही देऊन झाला आहे.

गाळात सापडलेल्या त्या करंजाला आता पहिल्या शेंगा लागल्या आहेत. एप्रिल-मेमध्ये त्या पिकून पडतात. गोळा करायच्या, उन्हात दोन दिवस वाळवायच्या, बी काढून जूनच्या सुरुवातीला पिशव्यांत लावायचं, ऑक्टोबरपर्यंत हातभर रोप तयार. ज्यांना हवं असेल त्यांनी सकाळी उन्हाआधी या, आणि पोतं तुमचं तुम्ही आणा.